आठ गणपती, दोन दिवस

अष्टविनायकाची यात्रा मोरगावाहून निघावी आणि पुन्हा मोरगावातच संपावी, असा जुना शिरस्ता. आता क्रम टेम्पो ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर ठरवतो, आणि डिझेलपुढे मयूरेश्वराचंही फारसं चालत नाही. पाच देवस्थानं पुणे जिल्ह्यात, सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यात, महड आणि पाली पार घाट उतरून रायगडात. नकाशा पाहिला की गणपतींनी एकमेकांपासून अंतर राखूनच जागा निवडल्यात, हे कळतं. ‘दोन दिवसांत आरामात होतं’ म्हणणारे काका मात्र नकाशा बघत नाहीत. ते पुढच्या सीटवर बसतात.

नियोजनाच्या बैठकीत दर्शनावरून कधीच वाद होत नाही. पहिला तास मुक्काम ओझरच्या भक्तनिवासात की एसी हॉटेलात यावर जातो, दुसरा चतुर्थी गाठावी की टाळावी यावर, आणि उरलेली रात्र रांजणगावच्या वाटेवर मिसळ कुठली चांगली यावर. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्यांचा विषय निघाला की सगळ्यांचे गुडघे एकदम बोलू लागतात. तिथं डोली मिळते म्हटल्यावर भक्तीला भरती येते. पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं म्हटल्यावर ती ओसरते.

सिद्धटेकचा देव उजव्या सोंडेचा, म्हणजे कडक सोवळ्याचा. त्याला प्रदक्षिणा घालायची तर सबंध टेकडीला फेरा मारावा लागतो. काकांच्या वेळापत्रकात त्यासाठी वीस मिनिटं आहेत, चहासकट.