स्टेपनीला विचारा

जुन्या गाड्यांच्या बाजारात "रनिंग किती?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. "मीटरवर दिसतंय तेवढंच, साहेब. डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना." डॉक्टर कोण, दवाखाना कुठला, ते कधीच कळत नाही.

माझी भाची नर्स आहे. रात्रपाळी सुटल्यावर रिक्षा मिळत नाही, म्हणून तीन वर्षं पैसे साठवून ती गाडी घ्यायला निघाली. एका डीलरकडे मे २०१७ची पांढरी गाडी पाहिली. आतून चकाचक, मीटरवर ४६,०००. भाचीचा चेहरा खुलला. मी खाली वाकून टायर पाहायला लागलो.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. चारही चाकांवर ०९२०, म्हणजे २०२०चा नववा आठवडा. मग डिकी उघडायला लावली. स्टेपनीवर १११७. ती गाडीबरोबरच कारखान्यातून आलेली, जवळपास कोरी. तिच्यासोबतचे चार टायर कुठे गेले? एखादा फुटला असेल, दोन बदलले असतील, मान्य. पण चारही एकाच आठवड्याचे? लहान गाडीचे टायर साधारण चाळीस हजारांच्या पुढेमागे उतरतात. इथे पहिला सेट संपून दुसराही गुळगुळीत झाला होता. शिवाय क्लचच्या पेडलच्या रबरावरच्या रेघा पार पुसल्या गेलेल्या. ४६,००० किलोमीटरमध्ये एवढं होत नाही.

मीटर मागे घेणं आता फार सोपं झालंय. पूर्वी केबल काढून, ड्रिल लावून आकडे उलटे फिरवायचे. आता मीटरमागच्या चिपमधला आकडा लॅपटॉपवरून बदलतात. बऱ्याच गाड्यांत तोच आकडा इंजिनच्या कंप्युटरमध्येही साठलेला असतो. म्हणून स्कॅनरवाला मेकॅनिक सोबत न्या.

याला नुसती पैशांची फसवणूक म्हणू नका. गाडीची सगळी देखभाल त्या एका आकड्यावर चालते. टायमिंग बेल्टच्या गाडीत तो बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. मीटर खोटं असेल तर माणूस निर्धास्त राहतो, आणि बेल्ट भर हायवेवर तुटतो. बहुतेक इंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, इंजिन जागीच बंद. मागून ट्रक येत असतो. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून जो हे करतो, तो पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळतो. आणि हे माहीत असूनही जो गप्प बसून गाडी विकतो, तोही तेवढाच दोषी.

सरकारने डीलरांसाठी नियम केले. १ एप्रिल २०२३पासून अधिकृत डीलरला ताब्यातली गाडी कोणी, कशासाठी, किती चालवली याची नोंदवही ठेवावी लागते. चांगलं झालं. पण मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म बघा. त्यांत मीटरचं रीडिंग लिहायला रकानाच नाही. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत रीडिंग नोंदतात आणि ते नंबर टाकून कोणालाही फुकट पाहता येतं. बेल्जियममध्ये २००६पासून जुनी गाडी विकताना किलोमीटरचा दाखला द्यावाच लागतो. आपल्याकडे पीयूसी काढायला गाडी दर वर्षी केंद्रावर जातेच. तिथेच आकडा टिपून घेतला आणि सगळ्यांना पाहू दिला, तर मीटर मागे घेणाऱ्यांचं दुकान बंद होईल. एवढी मागणी आमदार-खासदारांनी लावून धरावी.

तोवर सर्व्हिस सेंटरची जॉबकार्डं मागा. प्रत्येक सर्व्हिसचं रीडिंग त्यावर असतं. भाचीनेही मागितली. डीलर म्हणाला, "मॅडम, एवढी चौकशी करायची तर शोरूमची नवी घ्या." ती "नको दादा" म्हणाली आणि आम्ही निघालो.

पंधरा दिवसांनी एका निवृत्त मास्तरांकडे गाडी मिळाली. मीटरवर १,१२,०००, आणि सोबत तारखेवार लावलेली जॉबकार्डांची फाइल. टायमिंग बेल्ट कधीचा आहे, हे मास्तरांना तोंडपाठ होतं. भाव आम्ही फारसा पाडला नाही. पहिल्याच रविवारी बेल्ट आणि चारही टायर बदलून घेतले.