सुसाटभाऊ

अमेरिकी कॉमिक्समध्ये 1963 साली एक खलनायक अवतरला. नाव इओबार्ड थॉन, धंदा गुन्हेगारी, मुक्काम पंचविसावे शतक. फ्लॅश नावाच्या अतिवेगवान नायकाचा जुना पोशाख त्याला एका कालकुपीत सापडला. त्या पोशाखात उरलेला वेग त्याने यंत्र लावून वाढवला, नायकाचा लाल रंग बदलून पिवळा केला आणि विजेच्या गतीने गुन्हे करायला मोकळा झाला. एवढा खटाटोप ऐकून नागपूरजवळच्या कन्हानच्या माणसाला हसूच येईल. कालकुपी काय, यंत्र काय, पाच शतकांची प्रतीक्षा काय! इथे तेच काम सव्वाशे सीसीची गाडी, अर्धा लिटर पेट्रोल आणि ‘हट ना बे’ एवढ्या सामग्रीत उरकते. या देशी अवताराला आपण सुसाटभाऊ म्हणू. हा कोणी एक माणूस नव्हे, ही एक जात आहे आणि तिच्यात सर्व जातींचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात. लोक म्हणतात, सुसाटभाऊला फार घाई असते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. त्याच्याइतका मोकळा वेळ पंचक्रोशीत कोणाकडे नाही. त्याला वेळ वाचवायचा नसतोच. त्याला फक्त कोणाच्या मागे उभे राहायचे नसते.

या जातीला कन्हानची हवा मानवते, याला भूगोल कारणीभूत आहे. गाव नदीकाठी, पलीकडे कामठी, मधून नागपूर-जबलपूर रस्ता, शेजारून मुंबई-हावडा लोहमार्ग, त्यातून रामटेकला फुटणारा फाटा आणि भोवताली कामठी, इंदर, गोंडेगाव इथल्या कोळसा खाणी. म्हणजे थांबायच्या जागा भरपूर. आणि थांबायची जागा आली की सुसाटभाऊचे खरे दर्शन घडते. रेल्वेचे फाटक पडलेले आहे. अलीकडे ऑटो, टिप्पर, शाळेची व्हॅन, सायकली असे सगळे निमूट उभे आहेत. तेवढ्यात मागून हॉर्न वाजतो. डाव्या बाजूच्या मातीतून वाट काढत भाऊ दांड्यापर्यंत पोचतो आणि उभ्या जगाकडे बघून विचारतो, ‘काहून थांबले बे सगळे? गाडी येऊनच नाही राह्यली ना!’ मागचा दोस्त न सांगता उतरतो. त्याला कवायत पाठ आहे. गाडी एका अंगाला इतकी कलते की फूटरेस्ट डांबराला घासते, आरसा दांड्याला लागून टिंग करतो आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतले एक वांगे घरंगळत रुळांकडे निघते. भाऊ गाडी पलीकडे उभी करतो आणि वांगे आणायला परत येतो. ज्याच्याकडे थांबायला दोन मिनिटे नव्हती, त्याच्याकडे वांग्यासाठी रुळांत वाकायला वेळ असतो.

आता हिशेबच मांडू. कोळसा भरलेली मालगाडी साधारण साडेसहाशे मीटर लांब धरा. ताशी तीस किलोमीटरने गेली तरी एका जागेवरून सरकायला तिला सव्वा मिनिट लागते. एकामागे दुसरी गाडी आली तर खोळंबा पाच-दहा मिनिटांचा. रस्त्याचे गणित याहून मजेदार आहे. कन्हान ते नागपूर अंतर वीस किलोमीटर धरले, तर ताशी चाळीसने अर्धा तास लागतो, साठने वीस मिनिटे आणि ऐंशीने पंधरा. म्हणजे चाळीसचे साठ केले की दहा मिनिटे हाती लागतात, पण साठचे ऐंशी करून पाचच. उलट वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. नफा घटत जातो आणि जोखीम वाढत जाते, असला धंदा कोणताही मारवाडी, कोमटी किंवा शहाणा माणूस करणार नाही. शिवाय ही पाच मिनिटेही कागदावरची. मध्ये कामठीची गर्दी आहे आणि ती कोणाच्या ॲक्सिलरेटरचे ऐकत नाही.

तरी पाच मिनिटे वाचली असे मानू. ती जातात कुठे? पानठेल्यावर. तिथे खर्ऱ्याची ऑर्डर सुटते. पन्नीवर बारीक सुपारी पडते, तिच्यावर तंबाखू, चुन्याचे बोट, मग पन्नीची घडी आणि तळहाताखाली घोटणे. हे काम घाईने होत नाही. सुपारीला चुना आणि तंबाखू नीट लागेपर्यंत हात चालवावा लागतो. पण सुसाटभाऊ तिथे एखाद्या साधकासारखा शांत उभा असतो आणि पानठेलेवाल्याचा हात जरा भरभर चालला तर त्यालाच टोकतो, ‘मस्त घोट ना भाऊ, घाई काय हाये?’ हा माझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा. फाटकावर ज्याला एक मिनिट जड गेले, त्याला खर्ऱ्यासाठी पाच मिनिटे हलकी वाटतात. फरक मिनिटांत नाही. ठेल्यावर तो गिऱ्हाईक असतो, फाटकावर तो रांगेतला एक असतो.

यावर पहिला आक्षेप असा की, हे सारे खात्यापित्या माणसाचे बोलणे झाले. खाणीत तीन पाळ्यांत काम चालते, हजेरीला उशीर झाला तर माणूस काय करणार? आक्षेप वजनदार आहे, पण पत्ता चुकला आहे. ज्याची पाळी असते तो घरून वीस मिनिटे आधी निघतो, कारण फाटक पडते हे त्याला वर्षानुवर्षे ठाऊक असते. डबा हँडलला लावून निमूट उभा असलेला सायकलवाला बहुधा तोच. टिप्पर चालवणाऱ्याचीही गोष्ट वेगळी. फेरीवर पैसे मिळत असतील तर त्याचा वेग त्याच्या पायात नसून मालकाच्या वहीत असतो. त्याला आवरायचे तर वही बदलावी लागेल. सुसाटभाऊला ना पाळी, ना फेरी. ‘कुठं चालला?’ असे विचारा, उत्तर येईल, ‘इथंच!’ आणि इथे येण्यासाठीच तो एवढ्या वेगाने आलेला असतो.

दुसरा आक्षेप व्यवस्थेवर बोट ठेवतो. फाटके, अरुंद रस्ते, नदीवरचा ब्रिटिशकालीन जुना पूल यांनी माणसांचा अंत पाहिला, म्हणून ती अशी झाली. यात तथ्य आहे. नदीवर नवा पूल व्हायला लोकांना बरीच वर्षे वाट बघावी लागली, हेही खरे. पण रोगाचे मूळ अरुंद पुलात असते तर रुंद पुलाने तो बरा झाला असता. तसे होत नाही. रुंद रस्त्यावर भाऊ राँग साइडने येतो, कारण दुभाजकाला वळसा घालणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या सोयीने चालणे. आणि जिथे रस्ताच नाही तिथे काय म्हणाल? रामटेकची गाडी फलाटाला लागली की उतरणारे उतरण्याआधी हा दारात. लग्नात अक्षता पडून हात मोकळे होण्याआधी हा जेवणाच्या टेबलापाशी, ताट हातात. बँकेत काउंटरवर म्हातारी अंगठा लावत असताना तिच्या खांद्यावरून याचे पासबुक आत. इथे कोणते फाटक पडले होते?

तिसरा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचाही. वेग हा काही दुर्गुण नव्हे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वेगवानच होता, त्याच्यावर पिढ्या वाढल्या. अगदी मान्य. पण फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल दामटतो ती कोणाच्या तरी संकटाकडे. स्वतःच्या कामाचे बारा वाजवून तो दुसऱ्याच्या भानगडीत उडी घेतो. तिकडे फ्लॅशचेही तसेच. जगातला सर्वांत वेगवान हा माणूस कथांमध्ये ठरल्या भेटीला हमखास उशिरा पोचतो, कारण वाटेत कोणीतरी अडकलेले असते आणि तो थांबतो. थॉनकडे वेग तोच, पोशाखही त्याच बनावटीचा. फक्त रंग उलटे. नायक आणि खलनायक यांतला फरक किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. कोणासाठी थांबतो, यावर तो कळतो. या कसोटीवर सुसाटभाऊ पक्का पिवळ्या पोशाखातला. ॲम्ब्युलन्सला लोक वाट करून देतात तेव्हा तिच्या मागोमाग त्याच मोकळ्या वाटेने जाणारा पहिला माणूस तोच असतो.

कायदा त्याला धरू शकतो का? 1989 च्या रेल्वे कायद्यात बंद फाटक परस्पर उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण सुसाटभाऊ फाटक उघडतच नाही; तो फाटकापुढे नम्रपणे वाकून जातो. रुळांत घुसणाऱ्यासाठी वेगळे कलम आहे, मात्र ते कलम हाती घेऊन कोणी येईपर्यंत भाऊ ठेल्यावर पोचलेला असतो. भरलेल्या मालगाडीला ब्रेक लावूनही शेकडो मीटर थांबता येत नाही, हे त्याला सांगून उपयोग नाही. न थांबणे हा त्याच्या लेखी गुणच. कॉमिक्समधल्या खलनायकाला निदान एवढे तरी कळते की आपण खलनायक आहोत. याला वाटते, आपण हुशार आणि बाकीचे येडे.

म्हणून त्याला घाईचा माणूस म्हणू नये. घाईला मुक्काम असतो. पोचले की ती संपते. सुसाटभाऊची संपत नाही, कारण पुढे कोणीतरी असतेच. शेवटी बघा काय होते. मालगाडी निघून जाते, दांडा वर उठतो, थांबलेले सगळे शिस्तीत सुटतात. ऑटो जातो, व्हॅन जाते, आणि पाळीला निघालेला तो सायकलवाला ठेल्यापुढून टुकटुक पॅडल मारत पुढे सरकतो. खर्ऱ्यासाठी शांत उभ्या भाऊची मान वळते. आपल्या मागे असलेला माणूस आपल्या पुढे! ‘दे बे लवकर!’ म्हणत तो पन्नी हिसकावतो, गाडीला बटन मारतो आणि सायकलला गाठायला निघतो.

खर्रा अर्धाच घोटला गेलेला असतो.