नाव गुप्त ठेवण्यात येईल

अहो, ऐकलंत का? खाली बोर्डावर सेक्रेटरींनी नोटीस लावलीय ती वाचलीत की नाही? नाही? कमाल आहे तुमची! अमली पदार्थांबद्दल काही माहिती असेल तर १९३३ वर कळवा, आणि खाली लाल स्केचपेनने, दोन रेघा ओढून, ‘नाव गुप्त ठेवण्यात येईल.’ तो सरकारी ‘मानस’ नंबर हो, २०२४ च्या जुलैत सुरू झालेला. कागदात वाईट काहीच नाही. पण मी तिथे भाजीची पिशवी घेऊन उभी होते ना, तर मी काय बघितलं सांगू... बी विंगच्या वहिनी आल्या. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, ‘नाव गुप्त’पाशी पोचल्या आणि मान वर करून थेट तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघितलं. ज्यांच्याशी त्यांचं पार्किंगवरून वाजलंय ना, त्यांच्याच! बोलल्या अवाक्षर नाही. पण चेहरा असा काही उजळला, की मला बाई धडकीच भरली.

हसताय काय? क्रिसन परेराचं विसरलात? आपल्या बोरिवलीचंच की ते. ‘सडक २’ मध्ये होती ती मुलगी. एप्रिल २०२३ मध्ये वेबसीरिजच्या ऑडिशनला म्हणून शारजाला पाठवली, हातात एक ट्रॉफी दिली, आणि ट्रॉफीच्या पोटात गांजा न् खसखस! पोरगी तीन-साडेतीन आठवडे तिकडच्या जेलमध्ये, आणि घरी परत यायला ऑगस्ट उजाडला. आणि का, तर कुत्र्यावरून! मुंबई क्राइम ब्रँचचंच म्हणणं हो, माझं नाही. ज्याने हे घडवलं म्हणतात, तो बेकरीवाला बहिणीकडे आला होता, लॉकडाऊनच्या दिवसांत. बहीण क्रिसनच्याच बिल्डिंगमध्ये. क्रिसनच्या घरचा कुत्रा अंगावर आला, याने खुर्ची उचलली, क्रिसनच्या आईने त्याला चारचौघांत सुनावलं. बस्स. तेवढं मनात धरून बसला, असा आरोप आहे. आणि आपण इथे कबुतरांना दाणे घालण्यावरून, पाण्याच्या टायमिंगवरून, चपलांच्या रॅकवरून एकमेकांना काय काय बोलतो... असो.

तर काय सांगत होते? हां, सत्यनारायण! सी विंगमध्ये पूजा होती ना परवा, तुम्ही लवकर निघालात, तुमचं सगळं हुकलं. आमचे भाओजी आले होते, धाकटे दीर हो, वकील, फोर्टातल्या सेशन्स कोर्टात जातात. आणि ते बसले कोणाशेजारी, तर ए विंगच्या हवालदारकाकांशेजारी! रिटायर झाले तरी मिशी अजून ड्यूटीवरच आहे त्यांची. कोणीतरी नोटिशीचा विषय काढला आणि काका खुलले. म्हणाले, “उत्तम काम केलं सेक्रेटरींनी. खबऱ्याशिवाय पोलीस आंधळा. चोरी झाली तर ज्याचं गेलं तो बोंबलत ठाण्यात येतो. पुडीच्या धंद्यात तक्रार घेऊन कोण येणार? विकणारा की घेणारा?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खरंच आहे की!

भाओजी अगदी गोड आवाजात म्हणाले, “काका, मान्य. पण पेपरात नेहमी छापून येतं ना, गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक माहिती मिळाली, सापळा रचला. ती खात्री केली कोणी?”

“अधिकाऱ्याने.”

“आणि बातमीदार कोण, त्याचं आरोपीशी काही वैर आहे का, पैशाचं देणंघेणं आहे का, हे कोर्टात विचारलं तर?”

काकांनी शिऱ्याचा चमचा द्रोणात ठेवला. “नाही सांगत आम्ही. आणि सांगूच नये. नाव फुटलं तर तो माणूस राहील का जिवंत?”

तेही बरोबरच की हो! भाओजींनीही नाही म्हटलं नाही. कायद्यातच आहे म्हणाले, १९८५ चा तो एनडीपीएस, त्याच्या ६८ कलमात, की टीप कुठून आली हे सांगायची अधिकाऱ्याला सक्ती नाही. फक्त मिळालेली माहिती लिहून काढायची आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठांना पाठवायची. आणि मुद्दाम खोटी माहिती देऊन कोणाला अटक करवली तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा, तेही आहे, ५८ कलमात. मी पटकन म्हटलं, अगंबाई, मग झालं की, खोटारड्याला धरा! तर भाओजी माझ्याकडे बघून हसले. “वहिनी, नावच बाहेर येणार नाही, तर धरणार कोणाला?”

बी विंगच्या वहिनी तिथेच बसल्या होत्या बरं का, तीर्थाची वाटी हातात घेऊन. मी मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं. अगदी निरखून केळीच्या खांबाकडे बघत होत्या.

आणि हे साधंसुधं नाही हो. एमडी, ते म्याव म्याव म्हणतात ना, ते पन्नास ग्रॅम सापडलं तर कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन मिळता मिळत नाही. पन्नास ग्रॅम म्हणजे किती, तर प्रसादाचा द्रोणसुद्धा भरायचा नाही! आता तेवढं कोणाच्या खिशात सरकवायला वेळ किती लागतो? कलिन्याचा तो व्हिडिओ बघितलात ना? ऑगस्ट २०२४ चा. माझी मावसबहीण तिकडेच राहते, तिने मला आधी फॉरवर्ड केला, मग चॅनेलवाल्यांनी दाखवला. साध्या कपड्यांतले चार पोलीस, खार ठाण्याचे. कलिना त्यांच्या हद्दीतही नाही, ते वेगळंच! एका माणसाची झडती घेतायत, आणि त्यातला एक जण हळूच स्वतःच काहीतरी त्याच्या खिशात घालतोय. वर कॅमेरा चालू. सगळं रेकॉर्ड! माणसाला सोडून दिलं, एक सब-इन्स्पेक्टर आणि तीन शिपाई सस्पेंड. जागेच्या भांडणातून हे करवलं असा आरोप झाला. बहीण म्हणाली, “ताई, कॅमेरा नसता तर आम्हीसुद्धा म्हटलं असतं, असेल बाबा पुडीवाला, दिसतोच तसा.” हे मात्र मला फार लागलं. कारण मीही म्हटलंच असतं...

हां, तर पूजेत. हवालदारकाका जरा ओशाळले, म्हणाले चार सडके आंबे सगळीकडे असतात. तेवढ्यात तळमजल्याच्या काकू, त्यांना मेला काही पोचच नाही, मोठ्याने विचारतात कशा, “अहो, ती बेबी पाटणकर पण पोलिसांचीच खबरी होती ना हो?”

काय चेहरा पडला काकांचा! मिशी अशी खाली!

बेबी पाटणकर म्हणजे वरळीच्या सिद्धार्थनगरची. आधी दुधाचा धंदा, मग ब्राऊन शुगर, मग हे एमडी, असं तेव्हा पेपरवाले रोज छापायचे. आणि त्याच पानावर हेही छापायचे की ती पोलिसांना टिपा द्यायची. आता तुम्हीच सांगा, धंद्यातलं माणूस टीप देणार तर कोणाची देणार? स्वतःची? समोरच्या दुकानाचीच देणार की! म्हणजे पोलिसांना केस मिळते, हिला मोकळं मैदान मिळतं, आणि कागदावर काय, तर ‘विश्वसनीय बातमीदार’. भाओजी म्हणाले अशा बाबतीत खबरी पोलिसांना सांभाळतो की पोलीस खबऱ्याला, हेच कळेनासं होतं. तिच्याच प्रकरणात मार्च २०१५ मध्ये तो हवालदार सापडला ना, धर्मराज काळोखे, मरीन ड्राइव्ह ठाण्याचा. साताऱ्याकडे खंडाळा तालुक्यात त्याचं गाव, घरात शंभर किलोच्या वर पांढरी पावडर! आणि आणखी बारा किलो कुठे? पोलीस ठाण्यातल्या लॉकरमध्ये! अहो, ठाण्यात! आपण साधी गॅसच्या सबसिडीची कागदपत्रं कुठे ठेवली ते विसरतो... तर बेबी महिनाभराहून जास्त गुंगारा देत होती, एप्रिलमध्ये धरली. मग अमली पदार्थ विरोधी पथकातल्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली, तिच्याशी संबंध म्हणून. ज्यांनी पकडायचं तेच आत.

आणि शेवटी त्या पावडरीचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट काय आला? तळमजल्याच्या काकूंनीच सांगितलं, प्रसाद खाता खाता. “अजिनोमोटो!” चायनीजमध्ये घालतात ते! सगळी बैठक हसली, गुरुजीसुद्धा उपरण्यात तोंड घालून हसले. काका एकटे हसले नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, “मग खरा माल गेला कुठे, हे कोणी विचारलं नाही.” आणि उठून चपला घालायला लागले. मला बाई त्यांचं वाईट वाटलं. इतकी वर्षं वर्दी घातलेला माणूस तो.

पण आमचे हे थांबतात होय? यांना शाहरुखच्या पोराचं, आर्यनचं आलंच पाहिजे मधे. क्रूझ, क्रूझ! २ ऑक्टोबर २०२१. आता ती केस तुम्हालाही तोंडपाठ आहे, आर्यनकडे काही सापडलं नाही, तरी पोरगा जवळजवळ चार आठवडे अडकला, आणि मे २०२२ मध्ये त्याला पकडणाऱ्या एनसीबीनेच, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थवाल्या खात्यानेच त्याचं नाव आरोपपत्रात घातलं नाही. ते जाऊ दे. मला त्यात सगळ्यात काय भारी वाटतं माहितीय? तो सेल्फी! किरण गोसावीचा, आर्यनबरोबरचा. आम्हाला सगळ्यांना वाटलं हा कोणी मोठा ऑफिसर. मग कळलं, हा तर पंच! पंच म्हणजे कोण हो, रस्त्यावरून जाणारा, ज्याचं कोणाशी घेणं नाही देणं नाही, असा माणूस ना? याच्यावर पुण्यात २०१८ चा फसवणुकीचा गुन्हा! आणि दुसरा तो भानुशाली, आरोपीचा दंड धरून चालताना टीव्हीवर दिसला, त्याने तर स्वतःच चॅनेलवर सांगितलं की पार्टीची खबर मला लागली आणि मी ती एनसीबीला पोचवली. म्हणजे बघा, टीप देणार हाच, धरून नेणार हाच, आणि खाली पंच म्हणून सही करणार हाच! आपल्या सोसायटीच्या ऑडिटला तरी वेगळा माणूस लागतो हो.

मग गोसावीचा बॉडीगार्ड बोलला, प्रभाकर साईल. त्यालाही पंच केलेलं. त्याने प्रतिज्ञापत्र दिलं की कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, आणि पंचवीस कोटींवरून अठरा कोटींवर मांडवली चाललेली मी ऐकली. एनसीबीचे तेव्हाचे मुंबईचे साहेब, समीर वानखेडे, त्यांनी हे सगळं धुडकावून लावलं. पण मे २०२३ मध्ये सीबीआयने वानखेडे आणि गोसावी, दोघांवर गुन्हा नोंदवला. आणि योगायोग बघा, तेव्हा २०२१ मध्ये २८ ऑक्टोबरला पहाटे गोसावी पुण्यात पकडला गेला आणि त्याच दिवशी हायकोर्टात आर्यनला जामीन! आमचे हे दिवसभर टीव्हीपुढून हलले नव्हते, जेवणसुद्धा तिथेच. साईल बिचारा एप्रिल २०२२ मध्ये गेला, हार्ट अटॅकने, माहुलला. त्याचं आता कोणी नाव काढत नाही.

भाओजी म्हणाले, तिथे बाप शाहरुख होता म्हणून एवढा धुरळा उडाला. बक्षिसाचंही असतं म्हणाले, जप्त मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत खबऱ्याला मिळू शकतं. मग माल जेवढा जास्त दिसेल तेवढं बरं, नाही का? आणि ज्याच्यापाशी बक्षीसही नाही आणि वकीलही नाही, त्याचं काय होतं...

जरा इकडे या ना. हळू बोलते. आमच्या भांडीवालीचा धाकटा माहितीय ना, तो उंच, केसांना लाल रंग लावलेला? दोन महिन्यांपूर्वी स्टेशनजवळ स्कायवॉकखाली पुडी सापडली त्याच्याकडे. गांजाच, थोडासाच. केस नाही केली. मी म्हटलं, बरं झालं बाई, सुटला! तर ती म्हणाली, “ताई, सुटला कुठे? ‘तुला सोडतो, तू दुसरा दे’ म्हणाले.” दिला त्याने एक. आठवड्याने परत बोलावलं, आणखी एक दे. आता पोराच्या माहितीत आहेत किती? दोन नाही तर तीन. ते संपले की कोणाचं नाव सांगायचं? शेजारच्या पोराचं? आणि तिकडे ज्याचं नाव दिलं त्याचे मित्र याला शोधतायत. लिहिलेलं कुठे काही नाही. चौकीत जाऊन विचारलं तर म्हणतील, असा आमचा कोणी खबरी नाही. भाओजींना विचारलं तर ते म्हणाले, पोराने कोऱ्या कागदावर सही केलीय का ते आधी बघा. केलीय हो. तिला वाटलं समज देऊन सोडल्याचा कागद असेल.

मामाकडे पाठवलाय तिने त्याला, कोकणात. कुठे ते मला माहीत आहे, पण नको बाई. काल संध्याकाळी दोघं बाइकवरून आले होते गेटवर, साध्या कपड्यांत. पोलीस होते की ते दुसरे, देव जाणे. त्या पोराबद्दल विचारत होते, आईबरोबर इथे येतो का म्हणून. वॉचमन काय म्हणाला माहितीय? “कोण? असा कोणी येत नाही इथे.” अहो, हा आपला वॉचमन! बी विंगचा दूधवाला किती वाजता आला आणि किती वाजता गेला, हे सकाळी सकाळी सगळ्या सोसायटीला सांगत फिरतो तो!