रिमूव्हराव

कुवेंपुनगरात मराठी माणूस सापडला की शेजारी त्याला 'राव' करून टाकतात. आमच्या गल्लीतल्या रावांना पोरांनी 'रिमूव्हराव' केलं, ते त्यांच्या लॅपटॉपमुळे. राव बँकेत हिशेब तपासनीस होते. निवृत्तीनंतर लॅपटॉपवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेतली आणि पॅकेजांची यादी समोर घेऊन लाल पेन्सिलीला टोक काढलं.

"हे कुणाच्या मंजुरीनं आलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उबुंटूतली पॅकेजं आणणारं-काढणारं एपीटी तशी नोंद ठेवतं हे कळल्यावर त्यांना गहिवरूनच आलं. काही पॅकेजं आपण मागवलेली, बाकीची त्यांच्या गरजेपोटी आलेली. मागवलेलं काढलं की मागची मंडळी 'ऑटोरिमूव्ह'ला पात्र. "म्हणजे साहेब गेला की वशिल्याचेही घरी! आमच्या बँकेत हे कधी जमलं नाही."

मोडेम नाही, मोडेम मॅनेजर काढा. प्रिंटर नाही, कप्स काढा. 'रिमूव्ह'नं सेटिंगच्या फायली मागे राहतात, म्हणून 'पर्ज'. डिस्क एक टेराबाइटची, तीही बहुतेक रिकामी. पण चाळीस एमबी सुटले की राव सगळ्यांना फिल्टर कॉफी पाजतात. जुन्या कर्नलांनी बूटचं पार्टिशन तुंबतं तेव्हा सफाई खरंच लागते. रावांना मात्र तुंबण्याची वाट बघवत नाही.

एकदा 'फाँट्स-इंडिक' तावडीत सापडलं. हे पॅकेज जवळजवळ रिकामं. भारतीय लिप्यांचे फाँट बोलावून आणायचे, एवढंच त्याचं काम. "स्वतःचं काम शून्य, नुसत्या सह्या!" राव कडाडले. ते उडवलं, पाठोपाठ ऑटोरिमूव्ह. ज्यांच्या नावाच्या नगरात राहतो, त्या 1967 च्या ज्ञानपीठ विजेत्या कुवेंपुंचं कन्नडमधलं नाव पडद्यावर चौकोनांची रांग झालं. मराठी वर्तमानपत्राचंही तेच. "जागा किती सुटली ते बघा," राव म्हणाले.

पुढे नेटवर्क मॅनेजर गेला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तर वायफाय गायब. आता नेटसाठी पॅकेज हवं आणि पॅकेजसाठी नेट! शेवटी शेजारच्या इंजिनिअर मुलीनं ते पेनड्राइव्हवर आणून दिलं. तिनं कमांड दिली, होय की नाही असा प्रश्न उमटला. तिचं बोट 'वाय'वर जाणार, तोच रावांनी तिचा हात धरला.

"थांब गं. याच्याबरोबर आणखी कोण कोण येतंय, त्याची आधी यादी दाखव."