इंजिनाला पत्ता लागू न देता

मोटारसायकलचं इंजिन घरी बांधलेल्या गाडीत बसवून चालू करणं हा विलायतेतला जुना आणि सरकारमान्य नाद आहे. 1957 साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन ही गाडी सुट्या भागांत विकायला काढली, कारण जोडलेल्या गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही. सोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाणार, म्हणून लोटसने म्हणे गाडी खोलण्याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून वाचायच्या. प्रस्तुत मार्गदर्शन त्याच थोर परंपरेतलं असल्याने कुठूनही वाचलं तरी परिणाम सारखाच होतो.

1996 मध्ये रॉन चॅम्पियनचं 250 पौंडांत स्पोर्ट्स कार बांधायला शिकवणारं पुस्तक आलं आणि इंग्लंडातल्या कित्येक गॅरेजांतून चालू गाड्या रस्त्यावर आल्या, कारण आत न चालणारी गाडी उभी होती. अशा गाडीत बाइकचं इंजिन घालण्यामागचं तर्कशास्त्र बिनतोड आहे. पहिल्या यामाहा आर-वनचं 998 सीसीचं इंजिन दीडशे हॉर्सपॉवर देतं, गिअरबॉक्स त्याच्या पोटातच असतो, आणि ते जिच्यात बसवायचं ती गाडी पाचशे किलोचीही नसते. या हिशोबात वायरिंग कुणीच धरत नाही. म्हणून हा लेख.

आधी तत्त्व समजून घ्या. बाइकचं वायरिंग अत्यंत संशयी माणसाने आखलेलं असतं. स्टँड वर घेतलास का? गिअर न्यूट्रलला आहे का? नसेल तर क्लच दाबलास का? आडवा तर पडला नाहीस ना? एवढ्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरं मिळाल्याशिवाय इग्निशनच्या डब्यातून प्लगला ठिणगी जात नाही. तुमच्या गाडीला स्टँड नाही, हँडल नाही आणि ती कधी झुकत नाही. तेव्हा आपलं काम एवढंच, की आपण अजून बाइकमध्येच आहोत हा इंजिनाचा समज शेवटपर्यंत मोडू द्यायचा नाही.

खरेदीला भंगारवाल्याकडे जाल तेव्हा इंजिन आवडलं म्हणून लगेच पैसे काढू नका. त्याच बाइकचं अख्खं वायरिंग, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, कुलूप आणि किल्ली मागा. किल्लीत चिप असलेली बाइक परक्या किल्लीला ओळख देत नाही. काही सुझुकी बाइकच्या कुलपातच 100 ओहमचा रेझिस्टर लपवलेला असतो. कुलूप फेकून साधं बटण लावणाऱ्या शहाण्याचं सेल्फ फिरत राहतं, ठिणगी मात्र पडत नाही. कार्ब्युरेटरवालं जुनं इंजिन मिळालं तर देव पावला समजा, त्याचे प्रश्न निम्मे असतात.

आता स्टँड. त्याच्या स्विचपासून दोन वायर येतात. मल्टिमीटर बीपवर ठेवा, टोकं लावा आणि स्टँड हाताने वरखाली करा. बहुतेक बाइकमध्ये स्टँड वर असताना मीटर वाजतो, म्हणजे या दोन वायर कायमच्या जोडून टाकायच्या. इंजिनाच्या लेखी स्टँड आता जन्मभर वर. क्लचच्या वायरही अशाच जोडाव्यात असा मोह होईल, पण तो आवरा. मग गिअरमध्ये असतानाही सेल्फ लागतो आणि गाडी पहिलं पाऊल भिंतीच्या दिशेने टाकते. पायाच्या क्लचला एक छोटा स्विच बसवा, तो भिंतीपेक्षा स्वस्त पडतो.

सगळ्यात कावेबाज भाग म्हणजे झुकाव ओळखणारा सेन्सर. त्याच्या पोटात लंबक असतो. बाइक साधारण साठ-पासष्ट अंश कलली, की चालक पडला असं धरून तो इंजिन बंद करतो. तो कुठेतरी आडवा बांधलात तर इंजिन तुम्हाला सुरुवातीलाच पडलेलं समजेल. मूळ बाइकमध्ये होता तसाच उभा आणि घट्ट बसवा. खरी गंमत पुढे आहे. बाइक वळणावर झुकते, त्यामुळे लंबक तिच्या मधल्या रेषेतच राहतो. गाडी झुकत नाही, म्हणून लंबक बाहेर पळतो. गुरुत्वाकर्षणाइतक्याच जोराने वळलात तर त्याला पंचेचाळीस अंश कलल्याचा भास होतो. त्यातच खड्डा आला, तर भर वळणावर इंजिन तुमच्या निधनाची नोंद करून मोकळं. तेलाचंही तेच. बाइक झुकते म्हणून तळातलं तेल जागेवर राहतं, गाडीत ते एका बाजूला धावतं आणि पंप हवा ओढतो. तेलाच्या टाकीत आडपडदे घातल्याशिवाय जोरात वळू नका. हा विषय वायरिंगचा नाही, पण बेअरिंग गेलं की वायरिंगलाही अर्थ उरत नाही.

रंगांवरून सोयरीक जुळवू नका, इथे पत्रिका बघावीच लागते. यामाहाची तपकिरी वायर किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, जुन्या ब्रिटिश गाडीची तपकिरी अष्टौप्रहर जिवंत असते आणि जर्मन पद्धतीत तपकिरी म्हणजे अर्थिंग. होंडाची हिरवी अर्थिंगची असते, ब्रिटिश हिरवीत किल्लीनंतर फ्यूजमधून करंट येतो. हिरवीला हिरवी जोडणाऱ्याला फ्यूजची किंमत लवकर कळते, आणि फ्यूज नसला तर वायरिंगची. कावासाकीत बॅटरीची मुख्य वायर पांढरी असते, इतकं सांगितलं की बाकीचं तुम्ही मीटरवर तपासालच.

अर्थिंगबद्दल थोडक्यात: चासीला हौसेने पावडर कोटिंग केलंत आणि इंजिन रबरावर बसवलंत, म्हणजे करंटला घरी परतायची वाटच ठेवली नाहीत. रंग खरवडून उघड्या लोखंडावर बोटभर जाड वायर इंजिनापासून आणा. खरवडताना वाईट वाटेल, वाटू द्या.

आपल्याकडे हे करून रस्त्यावर जाण्याआधी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरबदलांना मनाई करणारं कलम 52 वाचा, म्हणजे गॅरेजचं दार आतूनच लावून घ्याल. हा हट्ट इंजिनीअरिंगची पोरं फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांसाठी कायद्यात राहून पुरा करतात. चाकणला बनलेलं केटीएम 390 चं इंजिन त्यांच्या हाती लागतं आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तेही स्टँडची वायर शोधत असतात. इंग्लंडात 2009 पासून अशा गाडीला आयव्हीए नावाची तपासणी द्यावी लागते. तपासनीस लोंबणाऱ्या वायर बघतो, म्हणून फुटाफुटावर पट्ट्या मारा.

सगळं जमलं तर सेल्फ मारल्यावर इंजिन दोन आचके देऊन सुरू होतं आणि शेजारी खिडकीत येतात. आता गाडी बाहेर काढायची. बाइकच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नसतो. गाडी भिंतीकडे तोंड करून बांधली असेल तर न्यूट्रलचा दिवा पेटलाय ना ते पाहा, खाली उतरा आणि खिडकीतल्या शेजाऱ्यांपैकी धट्टाकट्टा कोण आहे त्याला हाक मारा.