कर्मचारी-कल्याणाची अंमलबजावणी : कार्यालयप्रमुखांस चार सूचना

ज्या कार्यालयप्रमुखास आपल्या हाताखालच्या मंडळींचे कल्याण शास्त्रशुद्ध रीतीने साधावयाचे आहे, आणि तसे करताना कचेरीचा शिरस्ता व स्वतःची खुर्ची ही उभय दैवते तसूभरही हलू द्यावयाची नाहीत, त्याने प्रथम या विषयावरील एखादा जाडजूड ग्रंथ मागवून तो अभ्यागतांच्या नजरेस पडेल अशा बेताने मेजावर ठेवावा व मगच पुढील सूचनांकडे वळावे.

नेतृत्वाच्या अभ्यासाचा श्रीगणेशा शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यापासून करण्याची वहिवाट आहे. दिव्यांचा उजेड वाढविल्याने काम वाढते काय, हे तेथे १९२४ पासून पाहू लागले, तो उजेड वाढविला तरी काम वाढे, आणि एका चाचणीत तो जवळजवळ चांदण्याइतका मंद केला तरी ते घटेना! पुढे १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जुळविणाऱ्या पाच तरुणींना निराळ्या खोलीत बसवून विश्रांती, फराळ, लवकर सुटी अशी एकेक सवलत देऊन व काढून घेऊन पाहिली, तरी उत्पादन सामान्यतः चढतेच राहिले. त्यावरून हार्वर्डचे एल्टन मेयो व त्यांचे सहकारी या निष्कर्षास आले की, माणसाची कोणी आस्थेने विचारपूस केली म्हणजे त्याचे मन कामात रमते. या निष्कर्षावर पुढे विद्वानांत पुष्कळ वाद माजला; पण कार्यालयप्रमुखाने त्यात न पडता एक निराळाच तपशील ध्यानी धरावा. या पाचांपैकी दोघी फार बोलतात व सहकार्य करीत नाहीत, या सबबीवर १९२८ च्या आरंभी त्यांना खोलीबाहेर काढून त्यांच्या जागी दोन अधिक चपळ मुली बसविण्यात आल्या होत्या. आस्थेचा हा प्रकार आमच्या बदलीच्या हुकमाशी इतका मिळताजुळता आहे की, त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळ्या मंजुरीची गरज पडू नये.

आता मार्गदर्शनाविषयी. कॅथी क्रॅम या विदुषीने १९८५ च्या आपल्या ग्रंथात, अनुभवी माणूस नवख्यास बढतीची वाट दाखवितो तसाच धीरही देतो, आणि हे नाते हळूहळू रुजते, असे प्रतिपादिले. आमच्याकडे ते टपरीवर रुजते. कोणती टिपणी कशी लिहिली असता ती शेरा न मिळता परत येत नाही, आणि कोणत्या साहेबांपुढे जेवणाआधी फाईल नेऊ नये, ही विद्या अव्वल कारकून अर्ध्या कपाच्या आधाराने नव्या पोरास देत असतो. सबब सर्वप्रथम कामाच्या वेळेत टपरीवर जाण्यास मनाई करावी, नंतर परिपत्रक काढून आडनावांच्या क्रमाने गुरुशिष्यांच्या जोड्या लावाव्यात, आणि दोघांचे परस्परांवर प्रेम जडल्याचा दाखला विहित नमुन्यात, दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत, दोन प्रतींत मागवावा.

स्वास्थ्याचे प्रकरण मात्र जपून हाताळावे. लंडनच्या सरकारी नोकरांची पाहणी १९६७ पासून सुरू झाली, तीत सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचे मृत्युमान सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट आढळले. आणि मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढील अभ्यासात, आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे हृदयविकाराशी निगडित असल्याचे दिसून आले. साहेबांच्याच काळजावर सर्वाधिक भार असतो, या सर्वमान्य समजुतीस धक्का देणारा हा मजकूर सूचनाफलकावर लावू नये. तसेच ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा ध्यान, तणावमुक्तीचे वर्ग वा मोबाइलवरील ॲप यांत भाग घेणारे इतरांहून अधिक सुखी नव्हते असेच निघाले. स्वयंसेवा तेवढी अपवाद ठरली. म्हणून शनिवारच्या सक्तीच्या साफसफाईस यापुढे स्वयंसेवा म्हणावे.

राहता राहिला ताबा. आवक-जावकचा कारकून आपले टेबल खिडकीकडे हातभर सरकवू द्यावे असा अर्ज घेऊन येईल. कारण त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरताना टपालाची पाकिटे उडवतो व बंद केला की तो स्वतः घामाघूम होतो. अर्ज जरूर स्वीकारावा, 'पाहून सादर करावे' असा शेरा मारावा. परंतु टेबल हलू देऊ नये, कारण आज टेबल हलले तर उद्या कामाचा क्रमही आपणच ठरवू असे तो म्हणेल. त्याऐवजी साडेदहाच्या ध्यानवर्गात त्यास पहिल्या रांगेत बसवून, डोळे मिटून वाऱ्याच्या झुळकेची कल्पना करावयास लावावे, आणि त्या अवधीत आलेले टपाल वेळेत न नोंदल्याबद्दल दुपारी त्याचा खुलासा मागवावा.