परमनंट कधी होणार?

अर्थशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्याचे पेढे पुतणीने आकुर्डीच्या आमच्या सोसायटीत वाटले, तेव्हा टूलरूममधून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "परमनंट कधी?" या पट्ट्यात माणूस ट्रेनी असतो, काँट्रॅक्टवर असतो नाहीतर परमनंट. पोरीने समजावलं : आधी कोर्सवर्क, यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे किमान 12 क्रेडिट्स; त्यात संशोधनपद्धती आली, संशोधनातली नीतिमत्ताही आली. किमान 55 टक्के मिळाले तरच पुढचं. "म्हणजे प्रोबेशन," काका म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.

खरी पंचाईत स्पेशलायझेशनची. पोरीचा विषय आधी 'कामगार' होता, मग 'कंत्राटी कामगार', आता सुट्या भागांच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार. काकांना यात काहीच वावगं दिसेना. भोसरीत एकाच मापाचे बुश काढून बंगला बांधलेले लोक त्यांनी पाहिलेत. माझं मात्र मन घेत नाही.

बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबियाला गेले. तिथे त्यांनी अर्थशास्त्राचे 29 कोर्स घेतले, शिवाय इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4. वर थोडं फ्रेंच आणि जर्मन. एवढा पसारा करून प्रबंध लिहिला तो प्रांतिक वित्तव्यवस्थेवर! पुण्यात 1930 ला गोखले संस्था निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी भारताच्या औद्योगिक वाटचालीवर पुस्तक लिहिलं, पुणे शहराची पाहणी केली आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतही ते होते. त्यांचं स्पेशलायझेशन कोणतं, हे मला अजून कुणी सांगू शकलेलं नाही.

आणि चाकण तरी कुठे एका विषयात मावतं? एकीकडे कांद्याचा लिलाव, पलीकडे जर्मन मोटारींचा कारखाना, मधे एमआयडीसीला जमीन दिलेल्या शेतकऱ्याने बांधलेल्या भाड्याच्या खोल्या, आणि त्या खोल्यांत शिफ्टने झोपणारी मराठवाड्या-बिहारची पोरं. एकाच्या धंद्याचा भुर्दंड तिसऱ्याच माणसाला कसा पडतो, हे तळेगाव चौकात संध्याकाळी सहाला गाडी अडकली की आपोआप कळतं. त्याला पाठ्यपुस्तक लागत नाही.

तेव्हा गाईड मंडळींना एवढीच विनंती : विषय खुशाल बारीक करा, पण कोर्सवर्कमधलं एखादं क्रेडिट चाकणच्या कांदा मार्केटला द्या. हजेरी आडत्यांकडून घ्यावी. ते उगाच कुणाची लावत नाहीत.